जुन्या मोटारीची ब्रेक-नळी कोणत्या धातूची असावी?

आपल्या स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा सभासदांकडून ज्याच्या त्याच्या धंद्यातील एखाद्या विषयावर लेख मागविले, तेव्हा मी काहीसा संकोचलो. सराफी, कापड, धान्य यांच्या व्यापाराला इतिहास आहे, रस आहे. लोखंडी सामान आणि मोटारीचे सुटे भाग विकणाऱ्याने काय लिहावे आणि ते घरातील मंडळींनी तरी का वाचावे? परंतु चिक्कडपल्लीच्या आमच्या दुकानात गल्ल्याच्या खणात तांब्याच्या नळीचा बोटभर लांबीचा एक तुकडा काही वर्षांपासून पडून आहे. हिशेब करताना हात आत गेला की तो बोटांना लागतो. त्या तुकड्याची हकीकत लिहावी असे ठरविले, कारण तिच्यात दोष माझाच आहे आणि तो दोष आपल्यापैकी कोणाच्याही दुकानी घडू शकेल असा आहे.

आमच्या स्नेहातील एका कुटुंबात १९६२ सालची फियाट ११०० गाडी आहे. आजोबांचा व्यापार नांदेडास, कापसाचा. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच असल्यामुळे अशा कितीतरी घराण्यांचा एक पाय तिकडे व एक येथे असे, आणि राज्य विभागले गेल्यावरही तो तसाच राहिला. आजोबांच्या पश्चात गाडी येथे आली आणि घरामागील पत्र्याच्या छपराखाली वीस-बावीस वर्षे उभी राहिली. नातू अभियंता झाला, चार पैसे मिळवू लागला आणि आजी हिंडत्या-फिरत्या आहेत तोवर त्यांना आजोबांच्या गाडीतून मंदिरापर्यंत न्यावे, असे त्याने मनात घेतले.

या गाडीविषयी आपल्या समाजाला विशेष ममत्व वाटावे असे एक कारण आहे. ती बनविणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स या कंपनीची स्थापना १९४४ साली केली ती सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी. प्रथम अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी सहकार्य करून १९४७ पासून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात गाड्या बाहेर पडू लागल्या. फियाट ११०० चे उत्पादन सुरू होण्याआधीच, १९५३ मध्ये, शेठजी निवर्तले. याच वंशातली पुढची गाडी १९७४ पासून ‘पद्मिनी’ झाली आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून घराघरांत पोहोचली. त्या टॅक्सींपैकी शेवटची २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. जुन्या गाड्यांची हौसही आता पूर्वीसारखी केवळ संस्थानिकांची राहिलेली नाही. केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैत नियम करून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. रोजच्या वापरास किंवा धंद्यास ती गाडी नेता येत नाही, प्रदर्शनास व फेरीस नेता येते. तेव्हापासून अडगळीतल्या गाड्या बाहेर काढणारी तरुण मंडळी आमच्या दुकानी वरचेवर येऊ लागली आहेत.

असो. त्या नातवाने गाडी आमच्या भागातील एका अनुभवी उस्तादांच्या स्वाधीन केली. इंजिन उघडले, बसविले, रंग झाला, आसनांना नवे कापड चढले. ब्रेकच्या जुन्या पोलादी नळ्या मात्र गंजून गेल्या होत्या. हात लावताच त्यांचे पापुद्रे सुटत. उस्ताद दुकानी आले आणि म्हणाले, “सेठ, एसी का कॉपर पाइप दे देव, तीन सूत से बारीक वाला. चलता जी, सब वहीच डालते.” गुमास्त्याने वातानुकूलन यंत्रांच्या सामानाच्या फळीवरून मऊ तांब्याचे वेटोळे काढले, बाहेरून तीनषोडशांश इंचाचे, आणि मापून कापून दिले. मी गादीवर होतो. ती नळी कोठे जाणार हे मी ऐकले होते. बिल माझ्याच हातचे आहे.

चार-साडेचार महिने गाडी उत्तम चालली. एके सकाळी नातू आजींना घेऊन बंजारा हिल्सच्या एका उतारावरून येत असता पुढे रिक्षा थांबली, त्याने ब्रेक दाबला आणि पेडल कसलाही विरोध न करता जमिनीला टेकले. मुलगा शांत डोक्याचा, म्हणून त्याने घाईने गियर खाली आणला, हातब्रेक ओढला आणि गाडी पदपथाच्या दगडाला घासत घासत थांबविली. आजींना काही झाले नाही. पुढचे मडगार्ड चेपले. दुसऱ्या दिवशी तो दुकानी आला. रागावला नाही. खिशातून हा तुकडा काढून त्याने काऊंटरवर ठेवला आणि “काका, हे असं का झालं असेल?” एवढेच विचारले. नळीच्या फुलविलेल्या तोंडाच्या मागे, नट बसतो तेथे, केसासारखी बारीक चीर गोलाकार गेलेली होती.

मला उत्तर देता आले नाही. तीस वर्षे नळ्या विकणाऱ्याला नळी का फुटली हे सांगता येऊ नये, याची लाज वाटली. त्यानंतर जे वाचले, जाणकारांना विचारले आणि उस्तादांबरोबर बसून हाताने करून पाहिले, त्याचा सारांश पुढे देत आहे.

चौमहल्ला राजवाड्यात निजामांच्या मोटारी मांडून ठेवल्या आहेत. त्यांतील १९१२ सालची पिवळी रोल्स-रॉईस पुष्कळांनी पाहिली असेल. त्या गाडीपुढे आपला प्रश्नच उद्भवत नाही, कारण तिचा ब्रेक सळ्या आणि तरफा यांनी चालणारा आहे, आणि पुढच्या चाकांना तर त्या काळी ब्रेकच नसे. तेलाच्या दाबाने ब्रेक लावण्याची युक्ती अमेरिकेत माल्कम लॉकहीड यांनी काढली. विमानांचे प्रसिद्ध लॉकहीड ते यांचेच बंधू. डुसेनबर्ग गाडीने १९२१ मध्ये ती चारही चाकांना वापरली आणि १९२४ मध्ये क्रायस्लरने ती सामान्य ग्राहकाच्या गाडीत आणली. तत्त्व सोपे आहे. बंद भांड्यातील द्रवाला एका जागी दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो. पायाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडरातील दट्ट्या तेलाला रेटतो. ते तेल नळ्यांतून चाकांपाशी जाते आणि तेथील छोटे दट्टे ब्रेकचे पट्टे ड्रमवर दाबतात. पाय आणि चाक यांच्यामध्ये त्या बारीक नळीखेरीज दुसरे काहीही नाही.

साठीच्या दशकातील आपल्याकडील गाड्यांत, फियाट काय किंवा अँबॅसॅडर काय, ही सगळी व्यवस्था एकेरी असे. एकच मास्टर सिलिंडर, एकच तेलाची वाट, आणि तिलाच चार चाकांचे फाटे. पुढच्या व मागच्या चाकांच्या वाटा निरनिराळ्या ठेवण्याची सक्ती अमेरिकेत १९६८ पासून झाली. आपल्याकडे तो बदल त्यानंतर बऱ्याच काळाने रुळला. म्हणून आजच्या गाडीत एक नळी फुटली तर निम्मे ब्रेक उरतात, जुन्या गाडीत एक चीर पडली की चारही चाके मोकळी होतात आणि हाती उरतो तो केवळ हातब्रेक.

आता तांब्याकडे वळू. तांबे दाबाने फुटत असेल, असा माझा समज होता. तो चुकीचा निघाला. जोराने ब्रेक दाबला असता नळीतील दाब दर चौरस सेंटिमीटरला साठ-सत्तर किलोच्या घरात जातो. मऊ तांब्याच्या त्या नळीचा व्यास, भिंतीची जाडी आणि तांब्याची ताकद घेऊन हिशेब केला तर ती फुटण्यास याच्या जवळजवळ दहापट दाब लागेल. म्हणजे काटा तपासला तर माल खरा. उस्ताद “चलता जी” म्हणत होते ते या अर्थी खोटे नव्हते, आणि म्हणूनच ही चूक इतकी पसरली आहे. नवी नळी बसविली, पेडल कितीही जोराने दाबले, तरी ती टिकते. मालक समाधानाने घरी जातो.

तांब्याचा दोष काळाबरोबर प्रकट होतो. आपल्या घरातील तांब्याचा हंडा घडविणाऱ्या तांबटाला तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. हातोडीखाली तांबे कठीण होत जाते. ठोकत राहिले तर चिरते. म्हणून तांबट मधून मधून भांडे भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करून घेतो आणि मगच पुढचे ठोके घालतो. मोटारीतली नळी रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्यासरशी, इंजिनाच्या प्रत्येक हिसक्यासरशी थरथरते. हे अगदी बारीक ठोके आहेत, पण ते लाखांनी मोजावे लागतात आणि मध्ये भट्टी येत नाही. जेथे नळी नटात घट्ट धरलेली असते तेथे ही थरथर साचते, धातू कठीण व ठिसूळ होतो आणि चीर धरते. आमच्या तुकड्यात नेमके हेच झाले. शिवाय वातानुकूलनाचे कारागीर नळीचे तोंड एकेरी फुलवितात. त्या यंत्रात तेवढे पुरते. ब्रेकच्या नळीचे तोंड आधी आत दुमडून मग फुलवावे लागते, म्हणजे बसण्याच्या जागी धातूचे दोन पदर येतात. आमच्या उस्तादांनी वातानुकूलनाची नळी घेतली आणि वातानुकूलनाच्याच हत्याराने तिचे तोंड फुलविले. दोन उणिवा एकाच जागी भेटल्या.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की ब्रिटनमध्ये खास ब्रेकसाठी बनविलेली तांब्याची नळी वर्षानुवर्षे विकली गेली आहे आणि तेथील पुष्कळ हौशी लोक ती वापरतात. अमेरिकेत मात्र शुद्ध तांबे ब्रेकसाठी मान्य नाही. ब्रिटिश कारागीर ती नळी जागोजागी घट्ट चिमट्यांत धरून थरथर थांबवितो. आपल्या रस्त्यांवर आणि आपल्या सवयींत मला तो धोका पत्करण्यासारखा वाटत नाही.

मूळ गाडीत जी नळी होती ती पोलादाची. तिची घडण फार सुंदर आहे. तांब्याचा पातळ थर दिलेली पोलादी पट्टी दोन वेढे देऊन गुंडाळतात आणि भट्टीत घातली की ते तांबे वितळून दोन्ही पदर एकजीव होतात. बाजारात हिला बंडी पाइप म्हणतात. ताकद उत्तम, थरथरीला दाद देत नाही, किंमतही बेताची. हिचा वैरी गंज, आणि तो दोन्हीकडून येतो. बाहेरून चिखल व पाणी, विशेषतः चिमट्यांच्या खाली जेथे ओल अडकून राहते. आतून येणारा गंज मात्र कोणाच्या ध्यानी येत नाही. साधे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. बाटलीवर डॉट ३ असे लिहिलेले तेल ताजे असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की ती मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. हेच पाणी नळीच्या सखल भागी पोलादाला आतून खाते. वीस वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीची नळी बाहेरून रंगवून कितीही चकचकीत केली तरी तिच्यावर विश्वास ठेवू नये. उभ्या गाडीला जितकी विश्रांती, तितका गंजाला अवसर.

तरीही पोलादाला मी नावे ठेवणार नाही. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत जी नळी लवकर जाईल ती हैदराबादच्या कोरड्या हवेत पुष्कळ टिकेल. ज्याला गाडी प्रदर्शनात मूळ बारकाव्यांसह मांडावयाची आहे त्याने जस्ताचा किंवा प्लास्टिकचा लेप दिलेली नवी दुपदरी पोलादी नळीच घ्यावी आणि दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलावे. अडचण एवढीच की पोलादाचे तोंड फुलविणे कसबाचे काम आहे. हत्यार हलके असले, नळी तिरपी कापली गेली किंवा कडेचा कचरा काढला नाही, तर तोंड चिरते. आणि आपल्या बाजारातील बहुतेक हत्यारे हलकीच आहेत, हे ती विकणाऱ्यानेच कबूल केलेले बरे.

स्टेनलेस पोलादाविषयी गिऱ्हाईक फार उत्साहाने विचारते. गंजणार नाही, चकाकते, नाव मोठे. आपल्याच शहरातील न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये अणुभट्ट्यांच्या कामाच्या नळ्या बनतात, तेव्हा नळीच्या बाबतीत हैदराबादकराने मागे का राहावे, असे एका गृहस्थांनी मला विनोदाने विचारलेही होते. पण स्टेनलेसची नळी कठीण असते. ती वाकविताना हात दुखतात आणि फुलविलेले तोंड बसण्याच्या जागी नीट दबत नाही, त्यामुळे सांध्यातून तेल पाझरते. ते थांबवावे म्हणून मिस्त्री नट अधिक आवळतो आणि पितळी सांध्याचे आटे जातात. कारखान्यात तयार होऊन आलेला, त्या विशिष्ट गाडीच्या मापाचा संच मिळाला तर गोष्ट निराळी. वेटोळे आणून गल्लीत बसविण्याचा हा माल नव्हे.

राहिला चौथा प्रकार, आणि आज मी बहुतेकांना तोच सुचवितो. तांबे आणि निकेल यांचा मिश्रधातू, ज्याला क्युप्रोनिकेल म्हणतात. नाव परके वाटले तरी धातू आपल्या हाताखालून गेलेला आहे. १९५७ मध्ये दशमान नाणी सुरू झाली त्यांतील दोन, पाच व दहा नये पैशांची नाणी याच जातीची होती. सैफाबादच्या जुन्या टांकसाळीच्या इमारतीत आता संग्रहालय झाले आहे. मुलांना घेऊन कधी गेलात तर नाण्यांच्या धातूंकडे अवश्य लक्ष द्यावे. नाण्यात निकेल चौथा हिस्सा असते, म्हणून ते रुपेरी दिसते. ब्रेकच्या नळीत निकेल सुमारे दहा टक्के, लोखंड एक-दीड टक्का, किंचित मँगनीज आणि बाकी तांबे, म्हणून रंग तांबूसच पण फिकट. हा धातू मूळचा समुद्रावरचा. जहाजांत खारे पाणी खेळविणाऱ्या नळ्यांसाठी तो वापरात आला. जो समुद्राच्या पाण्याला पुरून उरतो त्याला मुसी नदीकाठचा चिखल काय करणार! स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीने १९७६ पासून आपल्या गाड्यांत याच नळ्या घातल्या, कारण थंड देशांत रस्त्यांवर बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकतात आणि त्याने पोलाद झपाट्याने जाते. पुढे इतर मोठ्या कंपन्यांनीही तो मार्ग धरला. थरथरीपुढे हा तांब्याहून पुष्कळ चिवट आहे, आणि तरीही इतका मऊ की हाताने वळण देता येते व तोंड सहसा न चिरता फुलते. ज्या गल्लीत हत्यार साधे आणि मिस्त्री एकटा, त्या गल्लीसाठी हाच धातू सोयीचा आहे, असे माझे मत झाले आहे. किंमत पोलादाहून बरीच अधिक, हे खरे. पण एका गाडीला पंचवीस-तीस फूट नळी लागते. जो रंगावर आणि आसनांवर एवढा खर्च करतो त्याने येथे हात आखडू नये.

येथेच आपल्या व्यापाराची खरी परीक्षा आहे. तांबे आणि क्युप्रोनिकेल ही दोन वेटोळी शेजारी ठेवली तर रंगातील फरक जाणवतो. एकटे वेटोळे पाहून अनुभवी माणूसही फसतो. चुंबक दोघांनाही धरत नाही. तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी नळी, जी शीतकपाटांच्या मागे असते, ती मात्र चुंबकाला चिकटते, म्हणून तेवढी परीक्षा तरी प्रत्येक दुकानदाराने करावी. ताजी कापलेली कड उजेडात धरून पाहावी. तांब्याची कड लालबुंद, मिश्रधातूची फिकट गुलाबी. वाकविताना हाताला अधिक विरोध जाणवतो. परंतु खरी खात्री कारखान्याच्या छापाने व प्रमाणपत्रानेच होते, आणि ते मागण्याची आपल्या बाजारात पद्धत नाही. माझ्याकडे एकदा एका दलालाने “क्युप्रोनिकेल” म्हणून आणलेला माल निव्वळ तांबे निघाला. भाव मात्र मिश्रधातूचा होता.

उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत खोट्या मापांच्या जोडीला प्रतिरूपकव्यवहारही आहे, म्हणजे खऱ्यासारखा दिसणारा हलका माल खऱ्याच्या जागी देणे. लहानपणी पाठशाळेत हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे तुपात चरबी मिसळणारा दुकानदार येई. मी स्वतः तांब्याला तांबे म्हणूनच विकले होते, भावही तांब्याचाच लावला होता, म्हणून हा अतिचार मला लागत नाही, अशी मी काही दिवस मनाची समजूत घातली. पण त्याच ग्रंथात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला मूळ स्थान दिले आहे. माल कोठे जाणार हे मी ऐकले होते, आणि विचारले नाही. हा प्रमाद झाला.

नळीच्या धातूइतकाच घोटाळा आट्यांचा होतो, आणि तो तर सर्वस्वी दुकानदाराच्या हातचा. अँबॅसॅडर ही मूळ इंग्लंडच्या मॉरिस गाडीची आवृत्ती, तिचे आटे इंची. फियाट इटलीची, तिचे आटे मिलिमीटरचे. तीनअष्टमांश इंचाचा बारीक आट्यांचा नट आणि दहा मिलिमीटरचा एक मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा नट डोळ्यांना सारखेच दिसतात. पहिल्याचा व्यास साडेनऊ मिलिमीटरच्या किंचित पुढे, आणि आट्यांमधले अंतर दोघांचे जवळजवळ एकच. त्यामुळे इंची नट मिलिमीटरच्या भोकात सुखाने फिरतो, हाताला थोडा सैल वाटतो एवढेच. आट्यांची केवळ टोके एकमेकांना धरून असतात आणि जोरात दाब आला की ती सुटतात. त्यातही मिलिमीटरच्या नटांत एक आणि सव्वा मिलिमीटर अंतराचे असे दोन प्रकार येतात. म्हणून गिऱ्हाइकाकडून जुना नट मागून घ्यावा आणि आटे मोजण्याच्या पट्टीने मोजूनच नवा द्यावा. जुनी नळीही कोणी फेकू देऊ नये, कारण वळणे कोठे, लांबी किती आणि तोंड कोणत्या घाटाचे, उलट्या शंकूचे की बुडबुड्यासारखे फुगीर, हे तीच सांगते.

आणखी एक गोष्ट ओघात सांगतो. नळाच्या कामातील दाबून बसणारे पितळी सांधे ब्रेकच्या नळीला लावू नयेत, डाग तर मुळीच देऊ नये. रबरी नळ्या, ज्या चाकापाशी असतात, त्या जुन्या गाडीत सरसकट बदलाव्यात. त्या बाहेरून धडधाकट दिसतात आणि आतून सुजून तेलाची परतीची वाट बंद करतात. मग ब्रेक लागतो तो सुटत नाही.

त्या नातवाच्या गाडीला दुसऱ्यांदा नळ्या घातल्या त्या क्युप्रोनिकेलच्या. माल माझा, मजुरी उस्तादांनी घेतली नाही. दुपदरी तोंड फुलविण्याचे बरे हत्यार आणले. पहिली तीन तोंडे वाया गेली. त्यांपैकी एकदा तर उत्तम तोंड फुलवून झाल्यावर नट आधी नळीत ओवायचाच राहिल्याचे ध्यानात आले. उस्ताद कपाळाला हात लावून म्हणाले, “हर मिस्त्री एक बार ये करता, सेठ.” नळी हातभर अंतराने रबर लावलेल्या चिमट्यांत धरली आणि मास्टर सिलिंडरपाशी तिला एक मोकळा वेढा दिला, म्हणजे थरथर त्या वेढ्यात जिरते. तेल भरून हवा काढली. मग मुलाने सगळा भार देऊन पेडल दाबून धरले आणि आम्ही दोघे कोरडा कागद घेऊन गाडीखाली एकेक सांधा पुसत गेलो. एका ठिकाणी कागद ओला झाला. तो सांधा उघडून पुन्हा केला.

आजी आता दर चतुर्दशीला त्या गाडीतून मंदिरात येतात. उतार आला की त्या पुढच्या आसनाची पाठ धरून बसतात, असे नातू सांगतो.

आमच्या दुकानात आता वातानुकूलनाची नळी आणि ब्रेकची नळी वेगळ्या भिंतींवर आहेत. तांब्याच्या वेटोळ्यांवर पुठ्ठ्याची पाटी लावली आहे. तीवर मी मराठीत, गुमास्त्याने तेलुगूत आणि उस्तादांनी उर्दूत ‘ब्रेकसाठी नाही’ असे लिहिले आहे. त्या पाटीमुळे महिन्यातून एक-दोन गिऱ्हाइके रागावून परत जातात. परवाच एक मिस्त्री तीनषोडशांशाचे तांबे मागत आला. कशासाठी, असे विचारताच म्हणाला, “सेठ, पाइप देनेका है तो देव.” मी खण उघडून तो तुकडा त्याच्या हातावर ठेवला. त्याने उलटसुलट पाहिला, नखाने चीर चाचपली आणि परत दिला. नळी न घेताच गेला. कोठून घेतली असेल ते कळले नाही.